वाढपी

वाटणी मागायला जाताना अंगावर कोणते कपडे घालावेत, याबद्दल आपल्या शास्त्रांनी काहीही सांगून ठेवलेलं नाही. मुंजीला काय घालावं, लग्नाला काय घालावं, दहाव्याला काय घालू नये, सगळं सांगितलंय. पण सख्ख्या थोरल्या भावाकडे जाऊन चार एकरांतले दोन एकर मागायचे असतील, तर काय घालावं? कडक इस्त्रीचा शर्ट घालावा, तर 'याला काय कमी आहे?' असं दिसणार. विटका घालावा, तर भाऊच कनवाळूपणानं निघताना खिशात पाचशेची नोट कोंबणार आणि मग मागायला तोंड राहणार नाही. कपाटासमोर तासभर उभा राहून मी मधला मार्ग काढला. नवा शर्ट घातला आणि तो घालून अर्धा तास लोळलो.

आता तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ सदुसष्टाव्या वर्षी वाटणी मागायला निघालाच कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर आमच्या घरात आहे. चितेगाव हे आमचं मूळ गाव. तालुका पैठण, जिल्हा पूर्वीचा औरंगाबाद, आताचा छत्रपती संभाजीनगर. जवळच बिडकीनला मोठी औद्योगिक वसाहत आली आणि आजूबाजूच्या जमिनींना एकदम अक्कल आली. एके संध्याकाळी आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवर एक गुणाकार केला आणि आईला दाखवला. हिनं तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"काका तिथं सोन्यावर मोसंबी लावून बसलेत," चिरंजीव म्हणाले.

"मी काही म्हणत नाही," ही म्हणाली.

हिनं 'मी काही म्हणत नाही' म्हटलं की मला कुठल्या तरी गाडीचं तिकीट काढावं लागतं, हा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. त्याप्रमाणे काढलं. पिशवीत सातबाराचा उतारा आणि चिरंजीवांनी टाइप करून दिलेला वाटणीपत्राचा मसुदा घेतला. 'दादा, आता आपलं दोघांचंही वय झालं,' अशी सुरुवात करायची ठरली होती. हे वाक्य मी पुण्यापासून घोळवत होतो. शिरूरला ते करुण वाटलं, नगरला व्यवहारी वाटलं आणि नेवाशाच्या पुढे तर मला स्वतःलाच ते धमकीसारखं ऐकू यायला लागलं.

संभाजीनगरला उतरून पैठण रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात चितेगाव येतं. एके काळी व्हिडिओकॉनच्या कागदपत्रांवर पत्ता छापलेला असायचा, 'चौदाव्या किलोमीटरचा दगड, औरंगाबाद–पैठण रस्ता, चितेगाव'. बँकेत माझ्या सहकाऱ्यांना मी ऐटीत सांगायचो, "तुमच्या टीव्हीचा आणि माझा पत्ता एकच आहे." ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कज्ज्यात गेली, आणि माझी ऐट त्याच्या दोन महिने आधी, म्हणजे सेवानिवृत्तीच्या दिवशी संपली होती. त्यामुळे फारसं जाणवलं नाही.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्यानं शाळा लवकर सोडली आणि शेती धरली. मी शिकलो, बँकेत लागलो, पुण्याला गेलो, वाढलो. बऱ्याच दिशांनी वाढलो. पोटाच्या दिशेनं जरा जास्तच. तरी दादाच्या लेखी मी अजून 'बारक्या'च. 'थोरल्याला शिक्षणाची गोडी नव्हती' हे आमच्या घरातलं अधिकृत मत. अधिकृत मतं तपासून बघायची नसतात, एवढं मी बँकेत शिकलो होतो.

मी पोचलो तेव्हा दादा मोसंबीच्या झाडाला प्लॅस्टिकचा डबा टांगत होता.

"ये बारक्या. हे बग, पाहुनचार चाललाय."

"कुणाचा?"

"फळमाशीचा. ह्याच्यात वासाचा बोळा आसतो. मिथाइल युजेनॉल. नर माशीला वाटतं आत लई मोठं कायतरी हाय. आत गेली की संपली."

मी पिशवी छातीशी धरली. नव्या बिडकीनच्या वासानं मीही पुण्याहून आलो होतो.

घरी ओसरीवर दादाची नात बसली होती. ही पोरगी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते आणि दिवाळीनंतरच्या सुटीला आली होती. पुण्यात आमच्या घरापासून तीन किलोमीटरवर ती राहते, त्यामुळे आमची भेट अर्थातच चितेगावलाच होते.

"पुण्याचे आबा आले!" असं म्हणून ती पाया पडली. मी पिशवी सांभाळत आशीर्वाद दिला.

तेवढ्यात वहिनी आतून पाण्याचा तांब्या आणि एक तक्रार घेऊन आल्या. "भावजी, तुमी तरी सांगा हिला. देवघरात चिलटं ठिवलीत हिनं. दत्ताच्या फोटोखाली! दत्ताजवळ गाय आसती, कुत्री आसत्यात. चिलटं कवा ऐकली न्हाईत."

"आजी, घरात तीच खोली गार आहे. त्यांना पंचवीस अंश लागतं," पोरगी म्हणाली.

पाहिलं तर खरंच दत्तगुरूंच्या खाली काचेच्या सहा नळ्या, तोंडाला कापसाचे बोळे, तळाशी पिवळट खीर, आणि आत इवलीइवली चिलटं. गावातल्या शाळेत मुलांना दाखवायला तिनं ती पुण्याहून मांडीवर सांभाळत आणली होती. खीर म्हणजे मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि आगार. "ह्यांना साखर घालून खीर, आन् मला डॉक्टरानं साखर बंद केली," दादा म्हणाला.

"पण ही कशाची चिलटं?" मी विचारलं.

"फळमाशी. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर."

दादानं कपाळावर हात मारला. "बग बारक्या. आजा फळमाशी मारायला सापळे इकत आनतो, आन् नात फळमाशी पाळायला सरकारकडून पैशे घेती. देशाचा हिशोब जुळंल कसा?"

पोरीनं समजावलं की ती फळमाशी वेगळी आणि ही वेगळी. आजोबांची माशी धडधाकट फळाला टोचा मारून आत अंडी घालते. हिची माशी सडक्या केळ्यावर, यीस्ट खायला येते. इंग्रजीत दोघींना एकच नाव पडलं, त्यामुळे हा घोटाळा. दोघींची घराणी निराळी. हे ऐकून वहिनींना जरा बरं वाटलं. नात निदान वैऱ्याच्या घरात तरी नव्हती.

"पन करतेस काय त्यांचं?" वहिनी.

"क्रॉस लावते. म्हणजे लग्नं लावते. मादी कोशातून बाहेर आली की आठ तासांच्या आत वेगळी काढायची. मग हव्या त्या नराबरोबर ठेवायची. दहा दिवसांत पुढची पिढी तयार."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "आगं, तुला चोविसावं संपलं. तुझं बगायचं सोडून तू चिलटांची लग्नं जमिवतीस? आन् त्येबी वय बगून?"

मी काही बोललो नाही. पण 'दहा दिवसांत पुढची पिढी' ही गोष्ट मला आवडली. एवढ्या वेगानं वारस येत असतील तर सातबाऱ्यावर नावं कशी मावणार, असा एक बँकेचा विचार डोक्यात येऊन गेला.

ही माशी शास्त्रज्ञांनी उगीच धरलेली नाही, असं पोरगी म्हणाली. खायला कमी, जागा लागते थोडी, गुणसूत्रांच्या अवघ्या चार जोड्या. अमेरिकेत टी. एच. मॉर्गन यांना १९१० साली लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, आणि त्या डोळ्यानं अनुवंशशास्त्राची दिशा ठरली. मॉर्गनना १९३३ साली नोबेल मिळालं. पुढं १९९५ साली आणखी तिघांना, अंड्यापासून माशी कशी घडते हे शोधल्याबद्दल. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकात याच माशीला वास आणि चव कशी कळते याचा शोध घेतला.

"आन् आपला फायदा?" दादा.

"आबा, माशीला घडवणारी जीन्स आणि आपल्याला घडवणारी जीन्स पुष्कळशी चुलत भावंडं आहेत."

चुलत भावंडं म्हटल्यावर मी पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

यानंतर तिनं जी नावं सांगितली, ती ऐकून मला ही मंडळी शास्त्रज्ञ आहेत की एखाद्या गल्लीतली टवाळ पोरं, असा प्रश्न पडला. जीन बिघडल्यावर माशीचं जे वाटोळं होतं, तेच त्या जीनचं नाव. ज्याच्यामुळे पंख येतात, त्या जीनचं नाव 'बिनपंखी'. कारण ते बिघडलं की पंख येत नाहीत. डोळे लाल करणाऱ्याचं नाव 'पांढरा'. माशीच्या डोळ्यात साडेसातशेच्या आसपास बारके डोळे असतात आणि प्रत्येकात प्रकाश ओळखणाऱ्या आठ पेशी. त्यातली सातवी ज्याच्या बिघाडानं येत नाही, त्याचं नाव 'सात-नाही'. बरं, तिथंच थांबतील तर शास्त्रज्ञ कसले? त्या सात-नाहीला शेजारच्या आठव्या पेशीतून निरोप देणारी जी कुणी आहे, ती 'सात-नाहीची नवरी'. निरोप आत पुढं नेणारा 'सात-नाहीचा मुलगा'.

"सात न्हाई, बारा तरी हाय का?" दादानं विचारलं.

माझ्या पिशवीतला सातबारा मला चावला. दादाच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"म्हणजे जोवर नीट काम करतंय, तोवर त्याला नावच नाही," मी विषय बदलायला म्हणालो.

"हो ना. गेल्यावरच कळतं ते काय करत होतं."

वहिनी म्हणाल्या, "आमच्या घरात बी तसंच हाय. एक दिस मी तापानं पडले, तवा कळलं ह्यांना की चहा कोन करतं."

मग पोरगी तिच्या मुख्य विषयाकडे आली. पेशी वाढायची कशी आणि थांबायची कशी. एक पेशी दुसरीला निरोप धाडते, एक प्रथिन सोडते. दुसरीच्या अंगावर ते झेलणारा ग्राहक असतो. त्यानं झेललं की आत निरोपानिरोपी होते आणि पेशी वाढते, विभागते किंवा आपण पुढं कोण व्हायचं ते ठरवते. या निरोपाच्या प्रथिनाला इंग्रजीत 'ग्रोथ फॅक्टर' म्हणतात. "पण शाळेत मराठीत काय सांगू? 'वाढ-घटक' म्हटलं की पोरं जांभया देतात."

"वाढपी म्हन की," दादा म्हणाला.

पोरगी त्याच्याकडे बघतच राहिली. मीही. मराठीत ताटात वाढायचं तेही वाढणं आणि अंगानं वाढायचं तेही वाढणं. वाढणारा तो वाढपी. नववी पास माणसानं ओसरीवर बसून एका शब्दात पीएच.डी.चा पहिला अध्याय आटोपला होता.

मग त्या दोघांची गाडी सुटली. एवढी पंगत माझ्यासमोर कुणी कधी मांडली नव्हती.

अळीच्या पोटात पंखाची एक चपटी पिशवी असते. सुरुवातीला तिच्यात पन्नासेक पेशी. चार-पाच दिवसांत त्या पन्नास हजारांच्या घरात जातात. त्या पिशवीच्या मधोमध पेशींचा एक पट्टा. तो डीपीपी नावाचा वाढपी सोडतो. पट्ट्याजवळच्या पेशींना भरपूर मिळतं, लांबच्यांना कमी, कडेच्यांना जवळजवळ काहीच नाही.

"सैपाकघराच्या दारापाशी बसलेल्याला चार जिलब्या, आन् मांडवाच्या टोकाला बसलेल्याला नुस्ता पाक," दादा म्हणाला.

"अगदी तसंच! आणि ताटात किती पडलं त्यावरून पेशीला कळतं की आपण पंगतीत कुठं बसलोय. त्यावरून ती ठरवते की आपण पंखाचा कोणता भाग व्हायचं."

दुसरा एक वाढपी, नाव स्पिट्झ. हा तयार असतो, पण पेशीच्या अंगाला टाचलेला. जिलब्या झाल्यात, पण कोठीला कुलूप. रॉम्बॉइड नावाची एक कात्री आहे. ती येऊन त्याला कापून मोकळं करते, तेव्हा तो बाहेर पडतो. कात्री कुठल्या पेशीत चालू आणि कुठल्या पेशीत बंद, हे पुन्हा जीन्स ठरवतात. म्हणजे खरी सत्ता जिलबीकडे नाही. किल्लीकडे.

"ते मला सांगू नगं," वहिनी म्हणाल्या आणि कमरेची किल्ली चाचपून आत गेल्या.

"आन् पुरे कोन म्हनतं?" दादानं विचारलं.

"काय, आबा?"

"वाढपी आग्रेव करनारच. त्यो त्याचा धरम हाय. पन ताटावर हात आडवा कोन घालतं?"

पोरीनं मांडी सावरून बसत सांगितलं की हाच तिच्या विषयाचा गाभा आहे. ज्या पेशीला स्पिट्झचा निरोप जोरात पोचतो, ज्या पेशीत 'वाढ, वाढ' असा गजर होतो, तीच पेशी आर्गोस नावाचं एक प्रथिन तयार करून बाहेर सोडते. हा आर्गोस वाढप्यालाच वाटेत मिठी मारून धरून ठेवतो. म्हणजे ज्यानं पोटभर खाल्लं, त्यानंच 'पुरे' म्हणायचं, अशी निसर्गाची रीत. जिथं ती मोडते तिथं घोटाळा. माणसात याच घराण्याचा ग्राहक बिघडून कायमचा चालू राहिला, की पेशींना थांबणंच माहीत राहत नाही. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये हेच झालेलं असतं आणि त्या ग्राहकाचं तोंड बंद करणारी औषधं आज निघाली आहेत.

"म्हंजी न वाढनं हा रोग न्हाई. पुरे न म्हननं हा रोग," दादा म्हणाला.

मी चहात बिस्किट बुडवत होतो. ते तुटून कपात पडलं. पाचवं होतं.

संध्याकाळ झाली. पोरीनं एक मेलेली माशी पांढऱ्या कागदावर ठेवली आणि भिंग माझ्या हातात दिलं. "पंखांच्या मागं बघा, पुण्याचे आबा."

पंखांच्या मागं दोन्ही बाजूंना टाचणीच्या डोक्यासारखी दोन बारकी बोंडं होती. पुस्तकी मराठीत त्यांना संतोलक म्हणतात. मधमाशी घ्या, फुलपाखरू घ्या, पंख चार. माशीला दोनच. मग मागचे दोन गेले कुठं? तर कुठंही गेले नाहीत. तीच ही बोंडं. तीच पिशवी, त्याच जातीच्या पेशी, तोच वाढपी. फक्त मागच्या पिशवीत अल्ट्राबायथोरॅक्स नावाचं एक जीन जागं असतं. ते डीपीपी सोडणारा पट्टा अरुंद करतं, सोडलेला डीपीपी फार दूर जाऊ देत नाही आणि दुसऱ्या वाढप्याचंही काम अडवतं. पुढच्या पंगतीत आग्रह चालू आणि मागच्या पंगतीत 'इथं एकच वाढा.' नेमके कोणते निरोप ते अडवतं, हे शोधण्यात हैदराबादच्या सीसीएमबीत आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये एल. एस. शशिधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कितीतरी वर्षं घातली. "मी तेच पुढचं करते," पोरगी म्हणाली.

"मग त्या बोंडांचा उपेग?" दादानं भिंग माझ्याकडून घेतलं.

"आबा, माशी उडताना ती बोंडं पंखांबरोबर सारखी हलत असतात. माशी कलली, वळली, की पहिलं त्यांना कळतं. ती सांगतात, मग पंख सावरतात. बोंडं काढून टाकली तर माशीला तोल राहत नाही, कोसळते."

"आन् त्या जीननं न्हाई अडवलं तर?"

"एड लुईस म्हणून एक शास्त्रज्ञ होते, १९९५ च्या नोबेलमधले. त्यांनी तशी माशी तयार केली. बोंडांच्या जागी आणखी दोन पंख. चार पंखांची माशी. फोटोत फार सुंदर दिसते."

"उडती का?"

"नाही, नीट उडत नाही."

दादा बराच वेळ भिंगातून बघत राहिला. मग म्हणाला, "मागच्याला पुरे म्हनायला कुनी बाहेरून येतं?"

"नाही आबा. ते जीन त्या पेशींच्या आतच असतं. त्याच म्हणतात."

"मग ठीक हाय." त्यानं भिंग खाली ठेवलं आणि म्हशीकडे गेला.

मी तिथंच बसून राहिलो. आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हिलासुद्धा नाही.

१९७२ चा दुष्काळ. विहिरीत तांब्या बुडत नव्हता. बैलजोडी विकून झाली होती. दादा दहावीत, मी आठवीत. त्या वेळी मॅट्रिक अकरावीला असायची. दोघांची फी, दोघांची पुस्तकं, शहरातल्या खोलीचं भाडं. एका रात्री तीर्थरूप आईला हळू आवाजात म्हणाले, "दोघांचं जमायचं न्हाई." मग कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. आणि मग अंधारातून दादाचा आवाज आला, "मला शाळा पुरे."

मी गोधडीत जागा होतो. जागा आहे असं कळलं तर आपल्यालाही काहीतरी म्हणावं लागेल, या भीतीनं मी घोरायला लागलो. चौदा वर्षांचं पोरगं घोरत नाही, एवढं दादाला कळलंच असणार. दुसऱ्या दिवसापासून तो दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला. संध्याकाळी तिथं मिळालेली सुकडी आणायचा, त्यातली मूठभर कागदात बांधून माझ्या दप्तरावर ठेवायचा. तो कागद त्याच्या बीजगणिताच्या वहीचा असायचा. पानावर सगळी बरोबरची खूण असायची. 'थोरल्याला शिक्षणाची गोडी नव्हती' हे अधिकृत मत घरात पहिल्यांदा कुणी मांडलं, ते मला चांगलं आठवतं. मीच.

रात्री वहिनींनी पुरणपोळी केली होती. माझ्यासाठी खास. मी आणि दादा शेजारी बसलो. पिशवी माझ्या मांडीवर.

"बारक्या, कागद काढ," दादा म्हणाला.

"कसले?"

"सकाळपासून ती पिशवी मांडीवरून खाली ठिवली न्हाईस. हागायला गेलास तवाबी घिऊन गेलास. चोर समजतोस व्हय आमाला? काढ. अर्धं तुझंच हाय. उंद्या तलाठ्याकडं जाऊ. फक्त विहिरीकडची बाजू मला राहू दे. २०१२-१३ ला टँकरनं पानी घालून जगिवलीत ती झाडं."

'दादा, आता आपलं दोघांचंही वय झालं,' हे वाक्य माझ्या ओठावर आलं. पुण्यापासून आणलेलं, तिकिटाचे पैसे घालून आणलेलं वाक्य. पण त्याच्यापुढं जे म्हणायचं होतं, ते येईना. मी पिशवीत हात घातला, चाचपडलो आणि चष्म्याचं घर काढून पुढं केलं.

"चष्मा आहे," मी म्हणालो. "जपावा लागतो."

दादानं चष्म्याच्या घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिलं. काही बोलला नाही.

वहिनी परातीतून पोळी घेऊन आल्या. आमच्या वहिनींचा आग्रह पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. त्यांच्या पंगतीतून माणूस उठत नाही, त्याला उठवावं लागतं. माझ्या ताटात तीन पोळ्या आधीच जिरल्या होत्या आणि मी सहा खातो हे त्यांना पन्नास वर्षं ठाऊक आहे. त्यांनी चौथी ताटावर धरली.

मी ताटावर आडवा हात धरला. "पुरे, वहिनी."

वहिनी थबकल्या. परात तशीच धरून त्यांनी दादाकडे पाहिलं.

"आवो," त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "भावजींना जरा ताप हाय का बगा."

दादानं डाव्या हाताचा तळवा माझ्या कपाळावर ठेवला. खडीचे घट्टे अजून होते. "ताप न्हाई," तो म्हणाला. "वाढ तू. त्याच्या हातावर वाढ."

दुसऱ्या दिवशी दोन डझन मोसंबी घेऊन मी पुण्याला परतलो. हिनं दारातच विचारलं, "बोललात का?"

"बोललो."

"काय म्हणालात?"

"पुरे म्हणालो."

"आणि दादा काय म्हणाले?"

"तो आधीच म्हणाला होता."

हिला काही समजलं नाही. तिनं पिशवी ओटीवर उपडी केली. मोसंब्यांबरोबर कुठून तरी आलेलं एक चिलट बाहेर पडलं आणि दिव्याभोवती फिरायला लागलं. ही फडकं घेऊन धावली.

"थांब," मी म्हटलं. "भिंग आण."

"मी काही म्हणत नाही," ही म्हणाली.